सहा बाय सहा म्हणजे नक्की किती?

तर झालं असं, की मागच्या शनिवारी मी चष्म्याचा नंबर घालवायला गेले होते. म्हणजे लगेच घालवायला नाही, नुसती चौकशी करायला. घरी गेली दोन वर्षं विषय चालू आहे. मी २९ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेचार, आणि आईच्या मते ‘बघायला येतील तेव्हा’ चष्मा नसलेला बरा. ह्यावर माझं काय मत आहे ते आईला माहीत आहे आणि तुम्हालाही अंदाज आला असेल. असो.

पण माझं स्वतःचंही एक कारण होतं. मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. निगडीहून बालेवाडीच्या रेंजवर शनिवार-रविवार सकाळी, आणि जमलं तर आठवड्यात एखादा दिवस ऑफिसला दांडी न मारता. राज्य स्पर्धेत बरा स्कोअर व्हावा एवढीच सध्याची महत्त्वाकांक्षा. गेल्या सीझनला घामाने चष्मा घसरायचा, काचेवर वाफ यायची, आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की माझे हुकलेले दहा हे चष्म्यामुळे हुकतात. नंबर गेला की स्कोअर वाढणार, सरळ हिशोब.

क्लिनिक चकाचक होतं. तपासण्या झाल्या, मग एका काउन्सेलर बाईंनी समोर बसवून तीन पॅकेजं दाखवली. ह्यात ब्लेड नाही, ह्यात फ्लॅपसुद्धा नाही, ह्यात हप्ते आहेत. शेवटी म्हणाल्या, “मॅडम, सिक्स बाय सिक्स मिळेल. मग शुक्रवारचं घेऊ? सोमवारी ऑफिस.” पाऊण तासात मला वय, नंबर, इन्शुरन्स आणि लग्नाची तारीख (!) विचारून झाली. ह्या डोळ्यांनी तुम्ही दिवसभर करता काय, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही. सहा बाय सहा हा शब्दच असा आहे की ऐकल्यावर पुढे काही विचारायचं उरत नाही.

रविवारी रेंजवर काकांना हे सांगितलं. काका म्हणजे आमच्या रेंजवरचे सगळ्यांचे काका. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, रिटायर झाल्यावर पिस्तूल हातात घेतलं. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला, “ड्रॉइंग कुठाय?”

“कसलं ड्रॉइंग?”

“अगं, जॉबचं. ड्रॉइंग नसताना जॉब मशीनवर चढवतात का? किती माप पाहिजे, किती टॉलरन्स चालेल, काही लिहून दिलंस त्यांना?”

हा लेख त्या एका प्रश्नावर आहे.

आधी पिस्तूल म्हणजे काय भानगड आहे ते थोडक्यात. दहा मीटरवर लक्ष्य. त्यातलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, सगळा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. साठ फैरी, एका हाताने, उभं राहून. नेम धरताना डोळ्यासमोर तीन गोष्टी असतात: हाताच्या टोकाशी पिस्तुलाची मागची खाच, तिच्या पुढे फ्रंट साइट, आणि लांब लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. नवीन माणूस साहजिकच लक्ष्याकडे बघतो, आणि तिथेच चुकतो. बघायची असते ती फ्रंट साइट. लक्ष्य धुरकट दिसलं तरी चालतं.

का? कारण साधी भूमिती आहे. हात अख्खाच्या अख्खा एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही एक मिलिमीटरच सरकतो, दहाचे दहा राहतात. पण फ्रंट साइट खाचेच्या मानाने एक मिलिमीटर हलली, तर ती चूक कोनाची होते. दोन्ही साइट्समधलं अंतर साधारण ३६ सेंटिमीटर. दहा मीटरपर्यंत ती चूक सुमारे २८ मिलिमीटर होते. दहाऐवजी सात. म्हणून पिस्तूलवाल्याला जगातली सगळ्यात स्पष्ट वस्तू हवी असते ती डोळ्यापासून तीन फुटांवरची काळी पट्टी.

आता सहा बाय सहाकडे या. हा हिशोब हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली मांडला. भिंतीवरचा तक्ता, पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं, सहा मीटरवरून वाचायची. उत्तम पद्धत आहे, दीडशेहून जास्त वर्षं टिकली आहे. पण ती मोजते काय? लांबचं, स्थिर, काळं-पांढरं अक्षर. फिकट करड्यावरचं करडं दिसतं का, हे ती सांगत नाही. त्याला कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि त्याचा तक्ताच वेगळा असतो. तीन फुटांवरची पट्टी दहा सेकंद डोळा न मिचकावता धारदार राहते का, हेही ती सांगत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस पास, पण रिक्वायरमेंटच वेगळी होती.

आणि इथे एक गंमत आहे, जी मला क्लिनिकमध्ये कुणी सांगितली नाही आणि घरी वही-पेन घेऊन बसल्यावर कळली. मायनस एक नंबरचा माणूस चष्मा काढला की एक मीटरवरचं सगळ्यात स्पष्ट बघतो. म्हणजे जवळजवळ फ्रंट साइटच्या अंतरावर! ज्याला नंबर नाही, त्याच्या डोळ्याला मात्र फ्रंट साइट बघायला जोर लावून जवळ यावं लागतं, दर फैरीला. म्हणूनच अनेक पिस्तूलवाले लांबच्या नंबरात प्लस अर्धा ते पाऊण मिळवून नेमबाजीच्या फ्रेममध्ये वेगळी काच घालतात. नियमाप्रमाणे पिस्तुलावर काच लावता येत नाही, पण अंगावर घालता येते. माझ्या बाबतीत मायनस साडेचारऐवजी मायनस चारची काच.

म्हणजे बघा हं. पुष्कळ पैसे भरून नंबर शून्यावर आणायचा, आणि मग रेंजवर जाऊन परत प्लस अर्ध्याची काच डोळ्यासमोर लावायची. आईला हे सांगितलं तेव्हा ती मिनिटभर गप्प बसली. हल्ली असं क्वचितच होतं :)

आता ऑपरेशन म्हणजे काय, तेही काकांच्या भाषेत सांगते, कारण ते त्यांना लगेच पटलं. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, पारपटल, मध्यभागी साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त जाड असते, ५४० मायक्रॉनच्या आसपास. लॅसिकमध्ये तिच्यावर शंभर-एकशेदहा मायक्रॉनचा पातळ पापुद्रा उचलतात आणि खालचा भाग १९३ नॅनोमीटरच्या अतिनील लेझरने घासून सपाट करतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन. म्हणजे माझे ५५ ते ६५ मायक्रॉन जाणार, एखाद्या केसाच्या जाडीएवढे. खाली किमान अडीचशे मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत असा सर्वसाधारण दंडक, नाहीतर काच कमकुवत होऊन फुगू शकते. काका म्हणाले, “म्हणजे सरफेस ग्राइंडिंगच की! पण जॉब रिजेक्ट झाला तर दुसरा ब्लँक नाही.”

नेमका हाच मुद्दा. काढलेलं मटेरियल परत लावता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनमध्ये साधा बदल टाकत नाही, टाकला तर रोलबॅकचा प्लॅन लिहून ठेवतो. आणि मी स्वतःच्या नेम धरायच्या डोळ्याला शुक्रवारची अपॉइंटमेंट द्यायला निघाले होते.

गैरसमज नको. मी लॅसिकच्या विरोधात नाही. माझ्या टीममधल्या चौघांनी केलंय, चौघेही खूश आहेत. आकडेही तेच सांगतात, फक्त पूर्ण वाचावे लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नौदलातल्या आणि बाहेरच्या मिळून ५७४ लोकांवर दोन अभ्यास केले. ९५ टक्क्यांहून अधिक लोक ऑपरेशननंतरच्या दृष्टीवर समाधानी होते. त्याच अभ्यासांत, आधी दृष्टीचा काहीच त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी काहीतरी नवीन दिसत होतं: दिव्याभोवती वलयं, चमक, दुहेरी कडा. डोळे कोरडे न पडणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांचे डोळे कोरडे पडू लागले होते. आणि ह्या त्रासामुळे रोजची कामं करताना खूप अडचण आलेले एक टक्क्याहून कमी.

चारही आकडे एकत्र खरे आहेत. बहुतेकांना थोडं वलय आलं तरी रोजचं काही अडत नाही, म्हणून ते समाधानी. प्रश्न एवढाच, की तुमचं ‘रोजचं’ काय आहे? दहा सेकंद डोळा न मिचकावता एका काळ्या कडेकडे बघणाऱ्याला कोरडा डोळा म्हणजे सहाव्या सेकंदाला पुसट झालेली कड. काळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन फटी असतात, त्या सारख्या दिसल्या पाहिजेत. तिथे चमक पसरली तर नेम कशाचा धरणार?

आणि नेमबाजी सोडा. ह्या पट्ट्यात राहणाऱ्या कितीतरी जणांचं रोजचं काय आहे? चाकणच्या प्लांटमधून रात्री साडेदहाला निघायचं, तळेगाव चौकात अडकायचं, मग मोशी-भोसरीकडे येताना समोरून कंटेनर आणि ट्रेलर, सगळे अप्परवर. त्यात बाइकवर असाल तर एमआयडीसीची धूळ. दिवसभर स्क्रीन, त्यामुळे पापणी आधीच कमी मिटते. दिव्याभोवतीचं वलय आणि कोरडा डोळा हे आपल्याकडे तळटीपेतले मुद्दे नाहीत. बहुतेकांचे काही महिन्यांत कमी होतात हे खरं, पण ते महिने कुठले असतील हे ठरवून घ्यायला हवं. सेकंड शिफ्टवाल्याने विचारायलाच हवं, आणि मॅचच्या सीझनच्या तोंडावर मी तर नक्कीच.

हे बोलल्यावर कुणीतरी टायगर वुड्सचं नाव काढतंच. काढलंही. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने लॅसिक केलं आणि २००० साली तीन मेजर्स जिंकली. खरं आहे. पण १९९७ चं मास्टर्स त्याने १२ फटक्यांच्या फरकाने जिंकलं ते कॉन्टॅक्ट लेन्स लावून. त्याला ऑपरेशनचा फायदा झाला असेलच, उघड्या मैदानात चार-पाच तास वाऱ्या-धुळीत लेन्सचा वैताग असतो. पण तो खेळ लांब बघण्याचा आहे. त्याचं ड्रॉइंग वेगळं होतं.

दुसरं नाव पतौडी. १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये होव्हला मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्यात काच गेली. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याची नीट दृष्टी परत आली नाही. दोन चेंडू दिसायचे. डिसेंबरमध्ये ते दिल्लीत पहिली कसोटी खेळले, जानेवारीत मद्रासला शतक केलं, आणि मार्चमध्ये एकविसाव्या वर्षी कप्तान झाले. ही गोष्ट मला लहानपणापासून आवडते. मेंदू किती शिकतो बघा. पण तिचा अर्थ ‘होईल काहीतरी जुळवाजुळव’ असा काढायचा नसतो. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, माझ्यापुढे आहे. ज्याच्यावर वेळ आली त्याची हिंमत, ज्याच्यावर आलेली नाही त्याने जोखमीच्या समर्थनासाठी वापरू नये.

आणि तिसरा माझा लाडका, युसुफ डिकेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक एअर पिस्तुलात तुर्कस्तानला रौप्य. त्याच स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला कांस्य. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय: ५१ वर्षांचा माणूस, एक हात खिशात, नाकावर घरचा वाटावा असा साधा चष्मा. चष्मा. ऑलिंपिक पदकाला तो आड आला नाही, आणि मी निगडीत बसून हुकलेल्या दहांचं खापर चष्म्यावर फोडत होते.

आता काकांची गोष्ट सांगते, कारण ऑपरेशन करू नका असं सांगायला हा लेख नाही. काकांना गेल्या वर्षी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. वर्षभर स्कोअर घसरत होता आणि ते ट्रिगरला दोष देत होते. ग्रिप बदलली, बूट बदलले. मोतीबिंदू असा हळूच येतो, काळ्याचा करडा होतो आणि आपल्याला वाटतं लाइट कमी आहे. इथे प्रश्न करायचं की नाही हा नव्हताच, प्रश्न होता आत कुठली लेन्स घालायची.

ह्या लेन्सची जन्मकथा काकांना फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या छताचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे घुसले, आणि डोळ्याने ते मुकाट्याने सहन केले. हॅरोल्ड रिडली ह्या डॉक्टरने ते हेरलं आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची पहिली लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. “मटेरियल सिलेक्शन!” काका म्हणतात.

काकांना घरच्यांनी सांगितलं होतं, सगळ्यात महागडी घ्या, मल्टिफोकल, चष्माच लागणार नाही. काका डॉक्टरांकडे गेले ते खरंच ड्रॉइंग घेऊन. ग्राफ पेपरवर डोळा, फ्रंट साइट, लक्ष्य. डोळ्यापासून फ्रंट साइटचं अंतर टेपने मोजलेलं: ८८ सेंटिमीटर. खाली लिहिलेलं: ‘काळी कड धारदार पाहिजे. वाचायला चष्मा चालेल.’ डॉक्टर आधी हसले, मग खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी सांगितलं, मल्टिफोकल लेन्स आलेला प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून टाकते. पेपर आणि टीव्ही दोन्ही दिसतात, पण कॉन्ट्रास्ट थोडा जातो आणि दिव्याभोवती कडी दिसू शकतात. तुमच्या कामाला साधी, एका अंतराची मोनोफोकल बरी. लांबचं लेन्स बघेल, आणि फ्रंट साइटसाठी नेमबाजीच्या फ्रेममध्ये प्लस पाऊणची काच लावा. ती काच पुढे कधीही बदलता येईल, आतली लेन्स नाही.

शेवटी घेतली ती लेन्स महागड्या पॅकेजपेक्षा स्वस्त निघाली, हे काका दर रविवारी एकदा तरी सांगतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्या दिवशी रेंजवर आले, फ्रेम चढवली, हात उचलला आणि बराच वेळ फैर झाडलीच नाही. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “काही नाही गं. काळं काळं दिसतंय.”

माझं म्हणणं एवढंच आहे. डोळ्याचं ऑपरेशन आता इतकं सफाईचं झालंय की आपण ते मोबाइल अपग्रेडसारखं घेतो. तंत्र चांगलं आहे, हात चांगले आहेत. कमी पडतं ते ड्रॉइंग, आणि ते द्यायचं काम आपलं आहे. सर्जनला आपला व्यवसाय, आपला खेळ, आपला रात्रीचा रस्ता माहीत नसतो. त्याने विचारलं पाहिजे, हो, नक्कीच. ज्या ठिकाणी तारखेच्या आधी हा प्रश्न येत नाही, तिथे मी तारीख घेणार नाही. पण त्याने विचारलं तर उत्तर तयार हवं: मला काय, किती अंतरावर, कुठल्या उजेडात, किती वेळ धारदार दिसायला हवं. अंधारात माझी बाहुली किती मोठी होते? माझे डोळे आधीच कोरडे आहेत का? पारपटलाचा नकाशा काढला का, जाडी किती? नंबर वर्षभर स्थिर आहे का? आणि काही बिघडलं तर पुढचा मार्ग काय?

माझ्यापुरता निर्णय झालाय. ह्या सीझनला ऑपरेशन नाही. मायनस चारची काच करायला टाकली आहे, घाम पुसायला कपाळावर पट्टी घेतली आहे, आणि हुकलेल्या दहांचं कारण ट्रिगरमध्ये शोधायचं ठरवलंय, जिथे ते बहुधा पहिल्यापासून होतं. पुढे कधी केलंच, तर ते खेळासाठी नसेल, आणि बघायला येणाऱ्यांसाठी तर नाहीच. पावसात बाइक चालवताना चष्म्याचा कंटाळा येतो, हे पुरेसं कारण आहे. तेव्हाही ग्राफ पेपर बरोबर असेल.

आई म्हणाली, “मग चष्मा राहणारच का?” म्हटलं, राहणार. “फ्रेम तरी बरी घे.” तेवढी तडजोड मान्य केली आहे.

ता.क. काकांनी माझंही अंतर मोजलं. ८१ सेंटिमीटर. “हात आखूड आहेत तुझे,” म्हणाले, आणि वहीत लिहून ठेवलं.